सगळे म्हणतात 'मस्त', मागणी कुणीच करत नाही

पत्र:
मी मंगळवार पेठेत राहते. गेली चार वर्षं घरातूनच कांदा-लसूण चटणी करून विकते. चव लोकांना आवडते, पुण्या-मुंबईला पार्सल जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिराती इतके दिवस भाचा करून द्यायचा. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. खटपट करून कॅनव्हा हे जाहिराती करायचं अ‍ॅप शिकले, पण मी केलेली जाहिरात बघून मलाच कसंतरी होतं. स्टेटसला लावली की पन्नास जणी 'मस्त', 'लई भारी' म्हणतात आणि मागणी येते दोन. एका डिझायनरला विचारलं, तर तो महिन्याचं पॅकेज सांगतो, ते परवडत नाही. मैत्रीण म्हणते, तीन महिन्यांचा कोर्स लाव. माझं शिक्षण बारावी कॉमर्स, चित्रकलेत कायम काठावर पास. कोर्स लावू, डिझायनर लावू, की हा नाद सोडून देऊ? सोबत संक्रांतीची जाहिरात जोडली आहे, हसू नका.
– चटणीवाली, कोल्हापूर

चटणीवाल्या ताई, नमस्कार.

हसलो नाही. तुमच्यासारख्या जाहिराती मी स्वतः छापल्या आहेत, त्यासुद्धा पैसे घेऊन.

आधी उत्तर देऊन टाकतो. कोर्स नको. महिन्याचा डिझायनर नको. नाद तर अजिबात सोडू नका, कारण उन्हाळा तोंडावर आलाय, आणि वर्षाची चटणी करायला जिला वेळ नाही अशी प्रत्येक नोकरदार बाई येत्या दोन महिन्यांत कुणाकडून तरी ती विकत घेणारच आहे.

तुमची जाहिरात मी मुद्दाम मोबाइलवरच उघडली, कारण गिऱ्हाईकही तिथंच बघणार. मागं रंकाळ्याचा सूर्यास्त. वर कोपऱ्यात पतंग, खाली कोपऱ्यात तिळगुळाची वाटी. मधोमध सोनेरी, सावली पाडलेल्या अक्षरांत 'अस्सल कोल्हापुरी झणझणीत चव'. त्याखाली कमानीसारखी वळवलेली ओळ, 'एकदा खाल तर पुन्हा मागाल'. शेजारी इंटरनेटवरून उचललेल्या मिरच्या, ताज्या, हिरव्या देठांच्या. (ताई, चटणी वाळलेल्या मिरचीची असते हे मी तुम्हाला सांगायचं का?) आणि उजवीकडं खाली, पतंगाच्या शेपटीला टेकून, तुमची बरणी. मी तिच्यावर अंगठा ठेवून बघितला. अख्खी झाकली गेली. किंमत नाही, वजन नाही, मागवायचं कसं तेही नाही. फोन नंबर आहे, पण पिवळ्यावर पांढरा.

दिसायला ही जाहिरात वाईट नाही. फक्त ती जाहिरात नाही, संक्रांतीचं शुभेच्छापत्र आहे. त्या पन्नास जणींनी 'मस्त' म्हटलं ते बरोबरच केलं. शुभेच्छेला माणूस आणखी काय म्हणणार?

यात तुमचा दोष कमी आहे. आपल्याकडं चौकाचौकांत जे वाढदिवसाचे डिजिटल फलक लागतात, ते बघत आपण मोठे झालो. सोनेरी अक्षरं, मागं सूर्यकिरणं, वर पाच नेते, खाली चाळीस शुभेच्छुक, रिकामी जागा दिसली की तिथं एक फूल. त्या फलकाला काही विकायचं नसतं, कोण कुणाच्या जवळचा ते दाखवायचं असतं. त्याला ते शोभतं. बरणी विकायला बसलो तरी हात मात्र त्याच वळणावर जातात.

आता हे डोळ्यांपुढून काढून टाका आणि कपिलतीर्थ मंडईत चला. तिथली बाई टोमॅटो कसे मांडते बघा. चांगले, एका आकाराचे समोर. ढीग एकच. त्यात खोचलेली पाटी, तिच्यावर भाव. मागं सूर्यास्त नाही. लांबून येणाऱ्या माणसाला दहा पावलांवरूनच तीन गोष्टी कळतात: काय आहे, कसं आहे, केवढ्याला आहे. थांबायचं की पुढं जायचं ते तो ठरवतो. या बाईनं कुठला कोर्स केलेला नाही, पण जाहिरातीत जे लागतं ते सगळं तिच्या टोपलीत आहे. तुम्हीही फोनवर असंच विकत असणार, नाहीतर चार वर्षं धंदा टिकला नसता. अडलंय ते एवढ्यावरच: जे तोंडानं सांगता ते चित्रात येत नाही.

म्हणून पहिलं काम कॅनव्हा न उघडता करायचं. वही घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरची जुनी बोलणी वर सरकवत जा आणि विकत घेण्याआधी लोकांनी काय काय विचारलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. तुमची वही मी बघितलेली नाही, पण पैज लावतो, त्यात हे असणार: किती तिखट आहे? लहान मुलं खातील का? मीठ घातलंय का? फ्रिजमध्ये ठेवायला लागते का? किती दिवस टिकते? पुण्याला पाठवता का, खर्च किती? तेल सांडून पार्सल खराब होतं का? अर्धा किलो म्हणजे चौघांना किती दिवस जाते?

यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक जाहिरात. एका चित्रात एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर. दहा प्रश्न सापडले, तर आठवड्याला तीन या हिशेबानं तीन आठवड्यांची बेगमी झाली, आणि 'आज काय टाकू' म्हणून सकाळी डोकं धरून बसायला नको.

उदाहरणाला तिखटाचाच प्रश्न घ्या. तुम्ही लिहिता 'झणझणीत'. कोल्हापुरात झणझणीत म्हणजे रोजचं जेवण, आणि पुण्याच्या एखाद्या घरात झणझणीत म्हणजे पाण्याचा तांब्या आधी भरून ठेवा. हा शब्द आता प्रत्येक बरणीवर असतो, म्हणून वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो दिसतच नाही. त्यापेक्षा तीन वाट्या ओळीनं ठेवा. पहिल्या वाटीसमोर एक वाळलेली मिरची, दुसरीसमोर दोन, तिसरीसमोर तीन. खाली 'कमी', 'घरचं', 'कोल्हापूरचं'. तुम्ही एकाच तिखटाची चटणी करत असाल, तर एकच वाटी आणि एक सरळ वाक्य: 'अर्धा किलो भाजीला एक चमचा पुरतो.' आकडा तुमचा तुम्ही करून बघा आणि खरा तोच लिहा.

'अस्सल'चंही तेच. अस्सल म्हणजे काय ते सांगा, म्हणजे तो शब्द लिहायची गरज पडणार नाही. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी मिरची तिखटाला, दोन्हींचं प्रमाण किती, खोबरं भाजून, कांदा वाळवून की तळून, कुटलंय डंकावर (कांडप यंत्रावर) की मिक्सरवर. गडहिंग्लजच्या बाजारातून मिरची आणत असाल, तर तिथल्या पोत्यांचा तुम्ही स्वतः काढलेला वाकडातिकडा फोटो इंटरनेटवरच्या चकचकीत मिरचीपेक्षा दसपट कामाचा. फक्त जे नाव लिहाल तीच मिरची आत असू द्या. ब्याडगीला २०११ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव कायद्यानं त्या भागातल्या मिरचीचंच, दुसऱ्या मिरचीवर ते नाव चिकटवणं ही नुसती थाप राहत नाही.

आता फोटो. इथं जरा थांबतो, कारण तुमचा माल फोटोला अवघड आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचं लाल रंगाशी जमत नाही. गडद लाल वस्तू समोर आली की लाल रंग कमाल मर्यादेपर्यंत चढतो, त्याच्या पुढं कॅमेऱ्याला फरकच नोंदवता येत नाही. मग चटणीचा रवाळपणा, लसणाचा कण, तेलाची चकाकी, सगळं एका रंगात बुडतं आणि बरणीत चटणी आहे की कुंकू ते कळत नाही. तुमच्या फोटोत नेमकं हेच झालंय. त्यावर तुम्ही कॅनव्हात रंग आणखी भडक केलात. समजू शकतो, मिरची लाल दिसायला पाहिजे असं आपल्याला वाटतं. पण हातानं कुटलेल्या चटणीचा रंग तसा नसतोच. तो विटकरीकडं झुकलेला असतो, मध्येच काळसर, मध्येच नारिंगी. भडक केलं की ती रंग घातलेली वाटते, आणि घरगुती चटणीच्या धंद्यात याच्याइतका वाईट संशय दुसरा नाही.

उपाय फुकटचा आहे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दाराच्या आत, जिथं उजेड आहे पण ऊन पडत नाही अशा जागी बसा. ट्यूबलाइट आणि दिवा बंद. फ्लॅश कधीच नको. दार तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येऊ द्या, पाठीशी नको. उजेड बाजूनं आला की प्रत्येक कणाची बारीक सावली पडते, आणि रवाळपणा दिसतो तो त्या सावलीमुळं. दाराच्या विरुद्ध बाजूला पांढरा ड्रॉइंगचा कागद उभा धरा, म्हणजे अंधारी बाजू जरा उजळेल. फोनच्या कॅमेऱ्यात 'फूड' किंवा 'सीन' असं काही आपोआप चालू होत असेल तर बंद करा, रंग भडक करण्यातच त्याला आनंद असतो. मग पडद्यावर चटणीवर बोट टेकवा. बाजूला सूर्यासारखं चिन्ह दिसलं की बोट हळूहळू खाली ओढा. फोटो काळोखा व्हायला लागतो. लालात कण दिसायला लागले की थांबा. आणि लेन्स आधी पदरानं पुसा. तुमच्या स्वयंपाकघरातल्या फोनच्या काचेवर तेलाचा हात लागलेला नसेल तर मी धंदा सोडतो.

चटणी ठेवायची कशावर? लाल कापडावर नको, लाल ताटलीत नको, लाल पार्श्वभूमीवर तर नकोच, तिथं ती दिसेनाशी होते. ज्वारीच्या भाकरीचा रंग या कामाला देवानं दिलाय असं समजा. भाकरीचा पापुद्रा, त्यावर चमचाभर चटणी, मध्ये बोटानं खळगा करून सोडलेलं शेंगतेल, बाजूला फोडलेला कांदा. जवळून, वरून जरा तिरपं. तेल सोडल्यावर दोन मिनिटांच्या आत फोटो घ्यायचा, नंतर ते मुरतं आणि चमक जाते. माझ्या अंदाजानं हा एक फोटो तुमची सगळी संक्रांत, रंकाळा आणि पतंग परतवून लावेल.

आणखी दोनच फोटो पुरे. एक बरणीचा, हातात धरलेला. हात का, तर बरणी केवढी ते हाताशिवाय कळत नाही. पाव किलो मागवून 'एवढीच?' म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि चूक त्याची नसते. दुसरा बांधलेल्या पार्सलचा: झाकणाला चिकटपट्टी, त्यावर प्लास्टिकची पिशवी, मग खोकं, तिन्ही टप्पे एका ओळीत. हा कुणी काढत नाही, कारण तो 'छान' दिसत नाही. पण तेल सांडायची भीती पुण्यातल्या बाईच्या मनात असते आणि ती बोलून दाखवत नाही, नुसती मागवत नाही.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र करून घ्यायचीही टूम आहे. बघायला गंमत म्हणून करा. पण ती चटणी तुमची नसते, बरणी तुमची नसते, आणि चित्रातच मराठी अक्षरं लिहून मागितली तर कधीकधी वेलांटी एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं. पार्सल उघडल्यावर वेगळंच निघालं की गेला विश्वास.

अक्षरांबद्दल थोडं, कारण कॅनव्हा ज्यांनी शिकवला त्यांनी तो इंग्रजीच्या हिशेबानं शिकवलाय. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण तुम्ही वापरलंय, नावाखाली. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, ती लांब केली तर ऐटदार दिसतात. आपली अक्षरं शिरोरेषेनं बांधलेली. अंतर वाढवलं की रेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्यावर आणा. कमानीसारखी वळवलेली ओळ काढा, तिच्यात रेघेला जागोजागी कोपरे पडतात. अक्षराला बाहेरून जाड किनार दिली की 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. दोन ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, तुमच्या 'पुन्हा मागाल' जवळ अडकलाय तसा.

तुम्ही पाच प्रकारचे टाइप (फॉन्ट) वापरलेत. एकच ठेवा. मुक्ता, हिंद, बलू यांपैकी जो डोळ्याला बरा वाटेल तो. बलू गुबगुबीत आहे, चटणीच्या नावाला शोभेल. बारीक मजकुराला मुक्ता स्वच्छ. फार तर हे दोन, तिसरा नाही. जाड आणि साधं एवढ्या फरकावर अख्खी जाहिरात उभी राहते. रंगही तेवढेच: भाकरीसारखा पांढुरका मागं, गडद तपकिरी अक्षर, आणि लाल एकाच ठिकाणी, किंमतीवर. मजकूर वाचता येतोय का याची परीक्षा सोपी. फोटो संपादनात जाऊन तो कृष्णधवल करा. अक्षर तरीही उठून दिसलं तर रंग बरोबर. तुमचा पिवळ्यावरचा पांढरा नंबर कृष्णधवलमध्ये गायब झाला, करून बघा.

मग एक साचा. चौकोनी, १०८० बाय १०८० पिक्सेल. वरचा दोनतृतीयांश भाग फोटो, खाली एक ओळ उत्तर, एक ओळ वजन आणि किंमत, एक ओळ नंबर. बस. स्टेटससाठी तेच उभं, १०८० बाय १९२०. मात्र वरच्या आणि खालच्या कडेला काही लिहू नका, तिथं नाव आणि उत्तर लिहायची पट्टी येते. हा साचा एकदा केला की दर वेळी फोटो आणि एक ओळ बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. तुम्हाला दोन आठवड्यांत कंटाळा येईल, 'तेच तेच' वाटेल. येऊ दे. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला तेच वाटतं. गिऱ्हाईक दहांतलं एक बघतं, आणि त्याला लांबूनच 'ही मंगळवार पेठेतली चटणी' असं ओळखू यायला तेच ते लागतं.

किंमत लिहायला लाजू नका. 'किंमतीसाठी मेसेज करा' हे सोनाराच्या दुकानात ठीक. चटणीला मेसेज करून किंमत विचारायची म्हणजे विचारल्यावर नाही म्हणायचं अवघड, म्हणून लोक विचारतच नाहीत. पोस्टाचा किंवा कुरिअरचा खर्च वेगळा असेल तर तोही तिथंच.

आणि जे चित्रात लिहिलंय ते चित्राखाली साधं टाइप करूनही लिहा. चित्रातला नंबर सगळ्यांना सहज उचलून डायल करता येत नाही, चित्रातला शब्द सहा महिन्यांनी शोधायला अवघड जातो. कुणी तुमचा मेसेज जावेला पुढं पाठवला तर तिला नंबर मिळाला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेसवालं अ‍ॅप घेतलं नसेल तर घ्या, फुकट आहे. स्टेटस २४ तासांत जातं, पण त्यातल्या कॅटलॉगमध्ये बरण्या किंमतीसकट मांडून ठेवता येतात. नेहमीची उत्तरंही साठवून ठेवता येतात. फोटो पाठवताना एचडी निवडा, नाहीतर एवढा खपून काढलेला रवाळपणा वाटेतच पुसला जाईल.

टाकण्याआधी शेवटची परीक्षा. शेजारच्या काकूंना फोन हातभर लांबून तीन सेकंद दाखवा आणि काढून घ्या. विचारा, काय विकतेय आणि केवढ्याला? त्या 'फोटो छान आलाय' म्हणाल्या तर ती जाहिरात टाकायची नाही.

नंबर तेवढा मोठ्यानं, एकेक आकडा म्हणत तपासा. माझ्या छपाईच्या दिवसांत एका डेअरीची दोन हजार पत्रकं मी छापली, वाटूनही झाली, आणि मग कळलं की फोन नंबर नऊ आकड्यांचा आहे. चूक माझी होती. सगळी पुन्हा छापून दिली, तो महिना कोरडा गेला. तेव्हापासून घरातलं लग्नपत्रिकेचं प्रूफसुद्धा मी मोठ्यानं वाचतो आणि बायको हसते.

आता डिझायनरचं. त्याला नाही म्हणा, पण कायमचं नाही. बरणीवरचं लेबल मात्र त्याच्याकडूनच करून घ्या. ते एकदाच होतं आणि वर्षानुवर्षं चालतं, तिथं खर्च केलेला वाया जात नाही. लेबलवर काय असलं पाहिजे ते मनाचं नसतं: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, तुमचं नाव-पत्ता, शाकाहारीचं हिरवं चिन्ह आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक. तुमच्या फोटोतल्या बरणीवर क्रमांक दिसला नाही. नोंदणी केली नसेल तर ही सगळी जाहिरात थांबवून आधी ती करा. 'पचनाला उत्तम', 'कोलेस्ट्रॉल कमी करते' असलं काही लेबलवर किंवा स्टेटसला लिहू नका, चटणी आहे, औषध नाही.

डिझायनरकडून घेताना तीन गोष्टी मागून घ्या. एक, मूळ फाइल, जी पुढं बदलता येते. आपल्याकडं बरेच जण कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात, तर कोरलची फाइल आणि शिवाय पीडीएफ. दोन, मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसेल अशा पद्धतीनं, टाइप केलेला. जुन्या पद्धतीचे टाइप असले की तोच मजकूर उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना त्याचा नुसता चिवडा होतो. तीन, शंभर लेबलं छापण्याआधी एक छापून हातात. पडद्यावरचा लाल उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा, आणि शाईचा नेहमी जरा मंद येतो. तो बरणीवर चिकटवून, चटणी भरून, दारात नेऊन बघा. मगच हो म्हणा.

राहिलं तुमचं 'चित्रकलेत काठावर पास'. ज्या गावात आपण राहतो तिथं बाबूराव पेंटर झाले, चित्रकार आणि मूकपटांचे दिग्दर्शक, मूळचे मेस्त्री. चित्रकलेच्या शाळेत ते गेले नव्हते. घरात कारागिरी होती, बघत आणि करत शिकले, आणि १९२० च्या दशकात आपल्या मूकपटांची पोस्टर स्वतःच्या हातानं रंगवली. तुम्ही पेंटर व्हाल म्हणून हे सांगत नाही. त्यांचा हात दैवी होता, आपला नाही. पण बरणीचा फोटो नीट काढायला दैवी हात लागतच नाही. मिरची भाजताना ती कधी उतरवायची हे तुम्हाला रंगावरून कळतं की नाही? मग डोळा आहे. तो फोनच्या पडद्यावर वापरायची सवय नाही, एवढंच.

सणांच्या शुभेच्छा द्यायच्याच असतील तर द्या, माणसं जोडलेली राहतात. फक्त त्या दिवशी बरणी मध्ये आणू नका. 'पाडव्याच्या शुभेच्छा' एका दिवशी, 'उन्हाळ्याची चटणी कुटायला घेतली, मागणी १५ तारखेपर्यंत' दुसऱ्या दिवशी. दुसरी जाहिरात पहिल्यापेक्षा रूक्ष दिसेल, 'मस्त' कमी येतील. मोजायचं असेल तर वहीत त्या दिवशीच्या मागण्या मोजा. कोणत्या चित्रावर किती आल्या ते महिनाभर लिहीत गेलात, तर पुढच्या उन्हाळ्यात माझ्यासारख्याला पत्र लिहायची गरज पडणार नाही.

आणि हो, तुमचं ते कॅनव्हाचं खातं बहुतेक भाच्याच्या ईमेलवर असणार. बरणीचे जुने फोटो, नावाचं चिन्ह, सगळं त्यातच. पाडव्याला तो घरी येईल तेव्हा जेवायला वाढायच्या आधी ते तुमच्या ईमेलवर करून घ्या. जेवल्यावर तो झोपेल, आणि उठला की पुण्याची गाडी.